पुण्याचा रिसाला, नगरची शाळा

आपल्याकडची मुले सैन्यात जातात ती बहुतेक पायदळात. मराठा किंवा महार रेजिमेंट म्हटले की घरोघर कळते. रणगाड्यांच्या पलटणी मात्र आपल्याला फारशा ठाऊक नसतात. म्हणून या खेपेला पूना हॉर्सची हकिकत सांगतो. नाव पुण्याचे, पण तिच्यातले जवान मुख्यत्वे राजपूत, जाट आणि कायमखानी.

१८१७ साली पुण्याच्या तहाने इंग्रजांनी बाजीरावाच्या गळ्यात या घोडदळाचा खर्च बांधला. पुरते वर्षही झाले नाही, तोच १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला हे दल पेशव्यांच्याच फौजेसमोर उभे राहिले. दाणावैरण आपली आणि लगाम दुसऱ्याच्या हाती! पुढे फेब्रुवारी १८५७ मध्ये इराणात खुशाब येथे त्याने शत्रूचे निशाण जिंकून आणले. त्या निशाणाच्या टोकाला चांदीचा पंजा आहे, मोहरमात आपण पाहतो तसा. पलटणीने तो मानाने जपला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोडे गेले आणि यंत्रे आली. बोली मात्र गेली नाही. रणगाड्यातला शिपाई अजून 'सवार', त्याच्या वरचा 'दफादार', त्याच्याही वरचा 'रिसालदार'. जुना नियमही टिकून आहे: आधी घोड्याची चंदी, मग स्वाराची भाकरी. दिवसभर धूळ खाल्लेल्या रणगाड्याचे पट्टे तपासून, तेलपाणी करून मगच सवार पाठ टेकतो. दावणीच्या बैलांआधी स्वतः जेवायला न बसणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

हे सारे शिकायचे कुठे? तर आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. १९२४ मध्ये रणगाड्यांची शाळा तिथे आली आणि १९४८ मध्ये भरती झालेल्यांचे शिक्षण, अधिकाऱ्यांचे वर्ग आणि दप्तर एकत्र करून चिलखती दलाचे केंद्र व शाळा उभी राहिली. कोणी चालक होतो, कोणी तोफची, कोणी वायरलेसवाला. पण आपापले काम येऊन भागत नाही. शेजाऱ्याचेही यावे लागते. कारण आतला एक जण पडला की त्याची जागा आतल्याच दुसऱ्याने घ्यायची असते, बाहेरून कोणी येणार नसते. आधी वर्ग, मग गाडी हाकणे आणि शेवटी खारे-कर्जुन्याच्या मैदानावर खरा गोळा. त्या बाजूच्या गावांना तो आवाज ओळखीचा आहे.

पूना हॉर्सजवळ १९६५ आणि १९७१ साली सेंचुरियन रणगाडे होते. वजन सुमारे ५० टन आणि इंजिन ६५० अश्वशक्तीचे. आपला साधा ट्रॅक्टर ३५ चा धरा, म्हणजे अंदाज येईल. आत माणसे चार. १९६५ च्या सप्टेंबरात फिलोरा-चविंडाच्या लढाईत पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर जखमी झाले, तरी मागे गेले नाहीत. १६ तारखेला ते धारातीर्थी पडले. जन्म मुंबईचा आणि शिक्षण पुण्याचे असलेल्या या वीराला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

सहा वर्षांनी अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, वय २१. जून १९७१ मध्ये पलटणीत आला आणि नगरला तरुण अधिकाऱ्यांचा वर्ग करीत होता. लढाई पेटली तशी शिक्षण तसेच सोडून त्याला पलटणीकडे परतावे लागले. १६ डिसेंबरला बसंतर नदीपलीकडे, जरपालजवळ, शत्रूचे पॅटन रणगाडे चालून आले. आदल्या रात्री सुरुंग पुरते निघाले नसतानाच पलटण त्यांतून पार झाली होती. खेत्रपालने चार रणगाडे फोडले. मग त्याच्याच गाडीला गोळा लागून आग लागली. वरून हुकूम आला, गाडी सोडा. तोफ अजून चालते आहे, तेव्हा गाडी सोडणार नाही, असे त्याने वायरलेसवरून कळवले. शेवटचा शत्रू शंभर मीटरांच्या आत होता, तेव्हा दुसरा गोळा आला. खेत्रपाल आणि एक सवार गेले. चालक आणि तोफची वाचले.

पलटणीत येऊन जेमतेम सहा महिने झालेल्या पोराला हे कुणी शिकवले, असा प्रश्न मनात येतोच. तोफ कशी चालवायची ते शाळेत शिकवता येते. ती कधी सोडायची नाही, हे कोणत्या तासाला शिकवतात, ठाऊक नाही.

२००१ मध्ये त्याचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, पाकिस्तानात आपले जन्मगाव पाहायला गेले. त्या वेळी वय ८१. ज्यांच्या घरी ते उतरले होते ते पाकिस्तानी ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर. अखेरच्या रात्री यजमानांनी सांगितले की अरुणच्या गाडीसमोर त्या दिवशी आपणच होतो. म्हाताऱ्याने ते ऐकून घेतले.

अरुणचा तो रणगाडा, 'फामागुस्ता', पुढे दुरुस्त करून नगरला आणला. जिथे त्याचा वर्ग अर्धा राहिला, त्याच केंद्रात तो ठेवला आहे.