पगारातले दोनशे रुपये जातात कुठे?

पहिली नोकरी लागली की पहिली पगाराची स्लिप नीट बघा. त्यात एक ओळ असते, ‘पी.टी. २००’. फेब्रुवारीत तीच ३०० होते. हा व्यवसाय कर. वर्षाला २५०० रुपये. बहुतेक जण या ओळीकडे बघतसुद्धा नाहीत. पण देशाच्या करपद्धतीत काय बरोबर आहे आणि काय चुकतंय, ते समजून घ्यायला ही एक ओळ पुरेशी आहे.

या कराची गोष्ट मूळची आपल्याच राज्यातली. वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक कल्पना राबवून पाहिली. जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. १९७२च्या दुष्काळात तीच रोजगार हमी योजना राज्यभर कामी आली. प्रश्न होता पैशांचा. उत्तर मिळालं १९७५च्या व्यवसाय कर कायद्यातून. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी थोडा कर द्यायचा, तितकीच भर सरकारने घालायची आणि त्यातून गावातल्या मजुराला काम मिळायचं. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. केंद्राने २००५ साली देशभरासाठी कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. कर कुणाकडून घेतला आणि कशासाठी घेतला, हे लोकांना स्पष्ट दिसत होतं. म्हणून तो रुजला.

मग बिघडलं कुठे? राज्यघटनेच्या कलम २७६ने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. १९८८ मध्ये ती २५० वरून २५०० रुपये झाली आणि तिथेच थांबली. आता हिशेब करा. दापोलीत दुकानात काम करणारा मुलगा महिन्याला १२ हजार कमावतो. त्याचे वर्षाला २५०० जातात, म्हणजे कमाईच्या १.७ टक्के. पुण्यात दरमहा दोन लाख मिळवणाराही २५००च देतो. त्याच्यासाठी ते ०.१ टक्का. (महिलांना एप्रिल २०२३ पासून दरमहा २५ हजारांपर्यंत सूट आहे, एवढा दिलासा.) श्रीमंतांकडून गरिबांकडे पैसा वळवायला आणलेला कर आज कमी पगारवाल्यालाच जास्त टोचतो. चौदाव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १२ हजारांपर्यंत वाढवायला सांगितलं होतं. त्यासाठी घटनादुरुस्ती लागते. ती झालेली नाही.

आता हर्णे बंदरावर या. लिलावातल्या ताज्या मासळीवर जीएसटी नाही. पण खलाशी बिस्किटं घेतो, साबण घेतो, मोबाइल रिचार्ज करतो, तेव्हा नौकामालकाच्याच दराने कर भरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं आणि साबण १८ वरून ५ टक्क्यांवर आले, हे चांगलंच झालं. तरी वस्तूवरचा कर खिसा बघत नाही. खिसा बघतो तो आयकर, कंपनी कर आणि संपत्तीवरचा कर.

तिथे काय झालं? वारसा कर १९८५ साली गेला, संपत्ती कर २०१५ साली. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा मूळ कर ३० वरून २२ टक्क्यांवर आणण्याची मुभा मिळाली. सरकारच्याच अंदाजानुसार त्यातून वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावं लागणार होतं. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सरकारकडे येणाऱ्या प्रत्येक रुपयात आयकराचे २२ पैसे आहेत, कंपनी कराचे १७. दुसरीकडे, ‘वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅब’च्या २०२४च्या अभ्यासानुसार देशातली ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे आहे.

‘मग श्रीमंतांवर कर लावा की!’ हे बोलायला सोपं. संपत्ती करातून वर्षाला जेमतेम हजार कोटी यायचे आणि तो गोळा करण्यातच दमछाक व्हायची. म्हणून तो काढून एक कोटीवरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा अधिभार लावला. त्यातून ९ हजार कोटींची अपेक्षा होती. म्हणजे कराचं नाव कडक असून भागत नाही, वसुली जमली पाहिजे.

पण अधिभारातही एक मेख आहे. केंद्राच्या करांतला ४१ टक्के वाटा राज्यांना मिळतो, मात्र अधिभार आणि उपकर त्या वाटपात येतच नाहीत. ते पूर्ण केंद्राकडे राहतात. दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय राज्य चालवतं. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मच्छीमारांना राज्य देतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने हर्णे, आंजर्ल्याची घरं-बागा झोडपल्या, तेव्हा लोकांनी पहिला हात राज्याच्या यंत्रणेकडेच पसरला. खर्च राज्याच्या माथी आणि श्रीमंतांकडून येणारा जादा पैसा केंद्राकडे, असं हे गणित आहे. सुसज्ज जेट्टीची मागणी वर्षानुवर्षं का करावी लागते, याचं सगळं नाही, पण थोडं उत्तर या गणितात आहे.

बदल तीन हवेत. व्यवसाय कराची मर्यादा वाढवून तो उत्पन्नाप्रमाणे टप्प्याटप्प्याने लावा. १२ हजारवाल्याला वगळा. वर्षाला २४ लाखवाल्याने १२ हजार दिले तरी ते अर्धा टक्काच होतात. दुसरं, अधिभार आणि उपकर राज्यांशी वाटा. तिसरं, कुठल्या कराचा पैसा कुठे गेला, ते दरवर्षी साध्या मराठीत जाहीर करा. पागेंच्या योजनेचं खरं बळ तेच होतं.

यातले पहिले दोन निर्णय संसदेच्या हातात आहेत, तिसरा राज्य सरकारही उद्या घेऊ शकतं. तुमच्यातले बरेच जण येत्या निवडणुकीत पहिल्यांदा मत देतील. मतं मागायला येणारे काय फुकट देणार ते सांगतील. त्यांना उलटा प्रश्न विचारा : पैसा कुणाकडून आणणार?