'चालेल' म्हणावं लागू नये म्हणून

आपल्या घरांत एक शब्द फार वापरला जातो, 'चालेल'. कुकरची रिंग सैल झाली, चालेल. स्कूटरचा ब्रेक जरा उशिरा लागतो, चालेल. मुलाच्या बुटाचा तळ सुटत आलाय, आजचा दिवस चालेल. हा शब्द आळसातून येतो असं आपण म्हणतो. मला मात्र वाटतं, बहुतेक वेळा तो दुसरी वस्तू हाताशी नसल्यामुळे तोंडी येतो. कपाटात नवी रिंग पडली असेल तर जुनी ताणत कोण बसेल?

हीच गोष्ट एका खेळाच्या निमित्ताने सांगते. पेंटबॉल हा खेळ आता आपल्याकडेही सहलीच्या ठिकाणी दिसतो. आठवी-नववीची मुलं सहलीहून आली की त्याच्याच गप्पा मारतात, आणि आया विचारतात, "टीचर, हे असतं तरी काय?"

खेळ साधा आहे. दोन संघ, आडोसे असलेलं मैदान, आणि हवेच्या दाबावर रंगाच्या गोळ्या फेकणारं यंत्र. त्याला मार्कर म्हणतात. ज्याच्या अंगावर गोळी फुटली तो बाद. हा मार्कर मुळात जंगलात लांबून झाडांवर खुणा करण्यासाठी बनला होता. 27 जून 1981 रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात 12 जणांनी तो घेऊन पहिला डाव खेळला. गोळी सुमारे 17 मिलिमीटर जाडीची असते. अमेरिकेतल्या मैदानांवर तिच्या वेगाची कमाल मर्यादा साधारणतः सेकंदाला 300 फूट धरतात, म्हणजे ताशी जवळपास 330 किलोमीटर. अंगावर बसली तर वळ उठतो. डोळ्यावर बसली तर डोळा जाऊ शकतो. खेळ आहे म्हणून हे विसरून चालत नाही.

माझ्या आपाचा मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो आणि महिन्यातून एक रविवार हा खेळ खेळतो. आपल्याकडे रविवारी फजरनंतरचा चहा चालू असतो तेव्हा त्याच्याकडे शनिवारची रात्र असते. एकदा व्हिडिओ कॉलवर तो पिशवी भरत होता. मी म्हटलं, "अरे, एका दिवसासाठी एवढं सामान?" तो म्हणाला, "खाला, खेळायचं सामान थोडंच आहे. बाकी सगळं खेळ थांबू नये म्हणून."

त्याने एकेक वस्तू दाखवली. पहिली, औषधाच्या डबीत ठेवलेल्या रबरी रिंगा. हवेच्या सिलिंडरच्या तोंडाशी अशी एक रिंग असते, तिचा नंबर 015. ती चिरली की हवा फुस्सकन निघून जाते आणि महागडा मार्कर निव्वळ लोखंड होऊन बसतो. आपल्या कुकरचंच दुसरं रूप! तो अशा दहा-बारा रिंगा नेतो. दोन स्वतःला, बाकीच्या मैदानावर ज्याची अडेल त्याला.

मग 9 व्होल्टची नवी बॅटरी, कारण त्याचा मार्कर तिच्यावर चालतो. गोळ्यांच्या डब्यासाठी वेगळे सेल. अ‍ॅलन पान्यांचा जुडगा. गोळी आत एकेकच सरकावी म्हणून मार्करमध्ये रबराचे इवलेसे अडसर असतात, त्यांची एक जोडी. गोळी नळीतच फुटली तर पुढच्या गोळ्या वाकड्या जातात, म्हणून नळी पुसायचे दोन बोळे. नळीच्या तोंडावर घालायच्या दोन कापडी टोप्या. मैदानाबाहेर ही टोपी नसेल तर मार्कर हातात धरू देत नाहीत. मार्करच्या आतल्या भागांसाठी थोडं ग्रीस. ते सिलिंडर भरायच्या तोंडाला मात्र कधी लावायचं नाही. तिथे हवेचा दाब प्रचंड असतो आणि तेलकटपणाने पेट घेण्याचा धोका असतो. शेवटी त्याने सिलिंडरवरची तपासणीची तारीख वाचली. तिकडे बहुतेक सिलिंडर दर 5 वर्षांनी तपासून घ्यावे लागतात. तारीख उलटली असेल तर हवा भरून मिळत नाही, मग सगळ्या रिंगा असून काय उपयोग?

काय नेत नाही, तेही त्याने सांगितलं. दुसरा मार्कर नेत नाही, गरज पडली तर तिथे भाड्याने मिळतो. गोळ्या त्याच दिवशी लागतील तेवढ्याच घेतो, कारण दमट हवेत त्या फुगतात. जमिनीवर पडलेली गोळी तर पुन्हा भरायचीच नाही.

मला सर्वांत जास्त पटला तो त्याचा दुसरा मुखवटा. मऊ कापडात गुंडाळून सगळ्यांत वर ठेवलेला. म्हणाला, "रिंग गेली तर आपण थांबतो. काचेला बारीक चीर गेली तर कुणी थांबत नाही, 'शेवटचा डाव, चालेल' म्हणतो. दुसरा मुखवटा असला की तसं म्हणायची वेळच येत नाही." ही काच म्हणजे जाड प्लॅस्टिक असतं. चीर गेली, जवळून जोराचा मार बसला, तर ती बदलायची. घरातल्या काचा पुसायच्या औषधाने ती कमजोर होते, म्हणून साधं पाणी आणि मऊ कापड. दुपदरी काच पाण्यात बुडवायची नाही.

आता आपल्या मुलांबद्दल. इथे मार्कर आणि मुखवटा मैदानवालेच देतात, त्यामुळे सुटे भाग आपल्याला न्यायचे नाहीत. मात्र मुखवटा हातात घेऊन पाहायला मुलांना शिकवा. काच उजेडात धरायची, चीर आहे का बघायचं. मागचा पट्टा ताणून पाहायचा. डोकं हलवल्यावर मुखवटा सरकला तर दुसरा मागायचा. पोहण्याचा किंवा मोटारसायकलचा गॉगल इथे कामाचा नाही. खेळताना काच धुरकटली तर मुखवटा वर करायचा नाही; हात उंच करून मैदानाबाहेर, सुरक्षित जागी यायचं आणि मग काढायचा. मैदानवाल्यांना दोन प्रश्न जरूर विचारा. गोळीचा वेग आज मोजला का? जादा मुखवटे किती आहेत?

घरून द्यायची पिशवी वेगळी. चष्मा असेल तर जुना चष्माही. दम्याचा त्रास असेल तर पंप, आणि दुसरा पंप सोबतच्या शिक्षकांकडे. पूर्ण बाह्यांचा जादा शर्ट, मोजे, टॉवेल. जोहरची नमाज तिथेच होणार असेल तर एक स्वच्छ जोड वेगळ्या थैलीत. रंग पाण्याने निघतो, पण ओले, रंगलेले कपडे घालून मुलं अवघडतात. गोळीचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं आणि शिंतोडे तोंडापर्यंत येतात, म्हणून जेवणाआधी चूळ भरायला पाण्याची एक बाटली जास्तीची द्या.

ही पिशवी आईने भरू नये. मुलाला कागद द्या आणि एकच प्रश्न विचारा, काय बिघडलं तर तुझा दिवस थांबेल, आणि काय बिघडलं तर तुला इजा होईल? त्याने लिहावं, त्यानेच भरावं, आपण फक्त नजर टाकावी. तरबियत अशाच लहान कामांतून होते. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते हे आपण मुलांना शंभरदा सांगतो. एकदा त्यांच्या हाताने पिशवी भरून झाली की पुन्हा सांगावं लागत नाही.

आणि हो, कुकरची जास्तीची रिंग आजच आणून ठेवा.