सरासरीत न दिसणारी गर्दी

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२४-२५ च्या ‘यूडायस प्लस’ अहवालानुसार देशातील शालेय शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. एका शिक्षकामागे पायाभूत स्तरावर १०, पूर्वतयारी स्तरावर १३, मध्य स्तरावर १७ आणि माध्यमिक स्तरावर २१ विद्यार्थी, असे प्रमाण त्यात नोंदवलेले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे प्रमाण ३० च्या आत, आणि वंचित घटकांतील मुलांची संख्या मोठी आहे अशा भागांत २५ च्या आत असावे, अशी अपेक्षा ठेवली होती. कागदावर देशाने ती केव्हाच पार केली आहे. असे असताना बाकावर तीनऐवजी पाच मुले का बसतात, हा प्रश्न उरतोच.

त्याचे एक उत्तर त्याच अहवालात आहे. देशात एक लाख चार हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी असून त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकतात. दुसऱ्या टोकाला सुमारे आठ हजार शाळांत एकही विद्यार्थी नाही आणि तरीही तेथे वीस हजारांहून अधिक शिक्षक नेमलेले आहेत. या दोन टोकांची बेरीज करून भागाकार केला की आकडा समाधानकारक येतो. एकशिक्षकी शाळेत सरासरी ३२ मुले असतात, म्हणजे रूढ अर्थाने ती शाळा गर्दीची नव्हे. पण पहिली ते पाचवीचे पाच वर्ग एकाच शिक्षकापुढे बसलेले असताना त्या ३२ चा भार शहरातल्या साठांच्या वर्गाहून कमी नसतो.

दुसरे उत्तर अधिक तांत्रिक आहे आणि धोरणविषयक चर्चेत ते सहसा निसटते. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण आणि वर्गातील पट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६०० विद्यार्थी आणि २० शिक्षक असलेल्या माध्यमिक शाळेचे प्रमाण ३० भरते. आठवड्याच्या ४५ तासिकांपैकी प्रत्येक शिक्षक ३० तासिका घेत असेल, तर कोणत्याही क्षणी सुमारे १३ शिक्षकच वर्गावर असतात आणि प्रत्यक्ष पट ४५ वर जातो. त्या शाळेत खोल्याच दहा असतील, तर तोच पट ६० होतो. शिक्षकभरती कितीही केली तरी खोली नसेल तर नवा शिक्षक शिक्षककक्षात बसून राहतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली असावी, अशी अट आहे ती यामुळेच. या अटीची चर्चा मात्र प्रमाणाच्या तुलनेत फारच कमी होते.

दिल्लीचा ईशान्य भाग हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. उत्तर प्रदेश आणि बिहारमधून येणाऱ्या कुटुंबांनी यमुनेपलीकडे वसवलेल्या अनधिकृत वसाहतींत शाळेसाठी जागाच राखून ठेवलेली नव्हती. जी मोजकी सरकारी विद्यालये आहेत, त्यांच्यावर आसपासच्या सर्व वस्तीचा भार पडतो. सकाळच्या पाळीत मुली आणि दुपारच्या पाळीत मुले, अशी दुहेरी व्यवस्था तेथे अनेक वर्षे चालू आहे. १० सप्टेंबर २००९ रोजी खजुरी खास येथील सरकारी विद्यालयात मुसळधार पावसाच्या वेळी अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन किमान पाच विद्यार्थिनींचा मृत्यू झाला. गर्दीची चर्चा एरवी गुणवत्तेपुरती मर्यादित राहते. त्या दिवशी ती जिन्याच्या रुंदीची निघाली. पुढे दिल्लीत हजारो नव्या खोल्या बांधल्या गेल्या, परंतु या भागातील शाळांचा प्रश्न २०२४ मध्येही दिल्ली उच्च न्यायालयासमोर होता.

येथे कायद्याची एक बाजू लक्षात घ्यावी लागते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटातील मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी शाळेला त्यामुळे ‘जागा शिल्लक नाही’ असे सांगण्याची सोय नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमांत एका तुकडीसाठी ४० विद्यार्थ्यांची मर्यादा आहे. खासगी शाळा दार बंद करून ती पाळू शकते. केंद्रीय विद्यालयांतही खासदारांच्या शिफारशीने होणारे प्रवेश एप्रिल २०२२ मध्ये थांबवले गेले, तेव्हा वर्गांतील वाढलेला पट हे त्यामागचे एक कारण होते. दार उघडे ठेवण्याचे कर्तव्य ज्या शाळेवर आहे, तिच्याच वाट्याला गर्दी येते.

केवळ पट कमी केल्याने मुले अधिक शिकतात का, याविषयी संशोधन सावध आहे. मुंबई आणि वडोदऱ्यातील महापालिका शाळांत दोन दशकांपूर्वी झालेला ‘बालसखी’ प्रयोग त्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वस्तीतीलच एक तरुणी रोज दोन तास वेगळे बसवून मूलभूत वाचन व गणित शिकवत असे. या मुलांची प्रगती झाली. मूळ वर्गात राहिलेल्या मुलांचा वर्ग त्या वेळेत लहान झाला होता, परंतु त्यांच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांचा सहभाग असलेल्या या अभ्यासाने दाखवले ते एवढेच, की चाळीसच्या जागी पंचवीस मुले बसवली आणि शिक्षक पूर्वीप्रमाणेच पाठ्यपुस्तक पुढे रेटत राहिला, तर रिकाम्या बाकांचा उपयोग होत नाही.

या निष्कर्षाचा सोयीस्कर अर्थ काढण्याचा मोह प्रशासनाला होतो. पट महत्त्वाचा नाही, सबब खर्च नको, असे त्यातून निघत नाही. साठ वह्या तपासणे, प्रयोगशाळेत साठ जणांना साहित्य हाताळू देणे, मागच्या बाकावरील मूल आज का गप्प आहे हे ओळखणे, यांना वेळ लागतो आणि तो तासिकेच्या ३५-४० मिनिटांतूनच काढावा लागतो. सतत मूल्यमापनाचा आग्रह धरणारे धोरण आणि साठांचा वर्ग या गोष्टी एकत्र नांदत नाहीत. मात्र खोल्या बांधून होईपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. अनुभवी शिक्षक मोठा वर्ग इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार गटांत विभागतात. एक गट शिक्षकासमोर, बाकीचे स्वतंत्र कामात, अशी फिरती बैठक ठेवतात. दिवसातला एखादा तास पूर्ण शाळेने याच पद्धतीने घेतला तर शिक्षकांची विभागणीही सोपी होते. तिसरीअखेर वाचन व अंकज्ञानाचे लक्ष्य ठेवणाऱ्या ‘निपुण भारत’ अभियानाला २०२६-२७ ची मुदत आहे. गर्दीच्या शाळांत ते लक्ष्य अशा गटांशिवाय गाठता येणे कठीण दिसते.

पटाचा आकडा नेहमी निष्पाप असतो असेही नाही. महाराष्ट्रात ‘तुकडी’ हे शैक्षणिक एकक असण्याबरोबरच शिक्षकपदांचे आणि अनुदानाचेही एकक राहिले आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर मुलांच्या बोटाला शाई लावून पटपडताळणी करावी लागली, ती कागदावर फुगवलेल्या संख्येमुळे. आता संचमान्यतेच्या निकषांविषयीचा १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय वादात सापडला आहे. कमी पटाच्या शाळांतील शिक्षकपदे त्यामुळे घटतील, असा शिक्षक संघटनांचा आक्षेप आहे. उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये कमी पटाच्या शाळा शेजारच्या शाळांशी जोडण्याचा आदेश निघाला आणि तो अलाहाबाद उच्च न्यायालयात गेला. ओस पडलेल्या शाळेतील शिक्षक भरलेल्या शाळेत नेणे तत्त्वतः योग्यच आहे. पण विलीनीकरण बहुधा एकाच खेड्याच्या परिसरात होते, आणि गर्दी असते शंभर किलोमीटरवरच्या शहराच्या कडेला. जिल्ह्याबाहेर बदली करण्यास ना नियम अनुकूल असतात, ना शिक्षक. त्यामुळे लहान शाळा बंद होते आणि मोठी शाळा मोकळी होत नाही. सहा वर्षांच्या मुलीला मात्र दोन किलोमीटर अधिक चालावे लागते.

येत्या काळात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. जनगणना २०२७ ची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हावयाची असून घरयादीचे काम त्याआधीच होणार आहे. मतदारयाद्यांच्या सखोल पुनरीक्षणातही बूथस्तरीय अधिकारी म्हणून शिक्षकांचा मोठा वापर झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमानुसार जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामे शिक्षकांना देता येतात, म्हणजे यात बेकायदा काही नाही. पण ज्या शाळेत सहा शिक्षक आहेत तेथून दोघे बाहेर गेले की उरलेल्या चौघांकडे सहा वर्ग येतात, आणि दोन वर्गांमधील दार उघडून मुलांना एकत्र बसवले जाते. ही कामे कोणत्या शाळांतील शिक्षकांना द्यायची, हे पट पाहून ठरवण्याचा अधिकार स्थानिक प्रशासनाकडे आहे. रिक्त पदे मंजूर संख्येच्या १० टक्क्यांहून अधिक नसावीत, असे २६ वे कलम सांगते. आधीच ही मर्यादा ओलांडलेल्या शाळांना या यादीतून वगळण्यासाठी नव्या निधीची गरज नाही.