तंबू उठतो, पत्ता राहतो

सर्कस गावात येते तेव्हा शेंबड्या पोरालाही ते कळते. भिंतींवर रंगीत चित्रे लागतात, रिक्षावर बांधलेला कर्णा गल्लीबोळातून ओरडत फिरतो, मैदानात खुंट ठोकल्याचे आवाज येतात. सर्कस जाते तेव्हा मात्र फारसे कुणाला कळत नाही. एके सकाळी मैदान मोकळे दिसते. थोडा भुसा, खुंटांची भोके, एखादा फाटका कागद. त्या मैदानात महिनाभर संसार थाटून राहिलेली शे-दीडशे माणसे कुठे गेली, हे विचारणार कुणाला? आणि त्यातल्या एखाद्याला पत्र धाडायचे झाले, तर पाकिटावर लिहायचे काय?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत हा प्रश्न हजारो घरांना रोज पडत होता. तिथल्या मोठ्या सर्कशी रेल्वेने फिरत. आज या गावी दोन खेळ, रात्रीतून तंबू गाडीत आणि उद्या सकाळी पुढच्या गावी. घरची आई आजारी पडली, भाऊ वारला, दुसऱ्या मालकाकडून कामाचे बोलावणे आले, तर निरोप पोचायचा कसा? याचे उत्तर टपालखात्याने नव्हे, एका छोट्या पत्राने शोधले.

त्या पत्राचे नाव होते ‘बिलबोर्ड’. आज हे नाव ऐकले की गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या आठवतात. पण १ नोव्हेंबर १८९४ रोजी सिनसिनाटी शहरात ते निघाले ते भिंतीवर जाहिराती चिकटवणाऱ्या लोकांसाठी! या लोकांचे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे सर्कस, जत्रा आणि फिरती नाटके. साहजिकच पत्राचे तोंड तिकडे वळले. १९०० साली धंदा बुडायच्या बेताला आला, तेव्हा संस्थापकांपैकी विल्यम डोनाल्डसन यांनी भागीदाराचा हिस्सा पाचशे डॉलरला विकत घेतला आणि मासिकाचे साप्ताहिक केले. १९०४ पासून त्यांनी एक वेगळीच सोय सुरू केली. फिरत्या कलावंतांनी घरी ‘बिलबोर्ड’च्या कचेरीचा पत्ता द्यायचा. आलेल्या पत्रांवरची नावे अंकात छापली जायची. आपले नाव दिसले की कलावंताने पुढचा मुक्काम कळवायचा आणि कचेरीने पत्र तिकडे धाडायचे.

विचार करून पाहा, हा अंक हातात पडल्यावर झोक्यावरचा कसरतपटू आधी काय वाचत असेल? अग्रलेख तर नक्कीच नाही! बारीक टाइपात छापलेल्या नावांच्या रांगांवरून त्याचे बोट फिरत असणार. त्याच अंकात ‘काम हवे आहे’च्या छोट्या जाहिराती असत, कुठली सर्कस कुठल्या गावी आहे त्याची यादी असे. १९२० साली या पत्राने जेम्स अल्बर्ट जॅक्सन या कृष्णवर्णीय पत्रकाराला नेमून कृष्णवर्णीय कलावंतांसाठी खास पान सुरू केले. त्या काळातल्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. ते पान पाचेक वर्षेच चालले, हेही खरे.

मग ही सोयरीक तुटली कशी? भांडण झाले नाही, कुणी कुणाला फसवले नाही. नाणे टाकून गाणी ऐकवणारी यंत्रे आली, ध्वनिमुद्रिकांचा धंदा फोफावला आणि त्या धंद्याच्या जाहिराती सर्कशीच्या जाहिरातींपेक्षा कितीतरी पटींनी वाढल्या. जाहिरातींवर जगणारे पत्र अखेर जाहिरातींच्याच मागे जाते. १९६१ साली ‘बिलबोर्ड’ने संगीत आपल्याकडे ठेवले. सर्कस, जत्रा, करमणुकीची उद्याने वगैरेंसाठी ‘अम्यूझमेंट बिझनेस’ नावाचे वेगळे साप्ताहिक काढून दिले. वाटणीत धाकट्याला पडवी मिळावी, तसेच हे. ते साप्ताहिकही २००६ मध्ये बंद पडले.

पण सर्कशीची नोंद तोवर दुसऱ्याच लोकांनी हाती घेतलेली होती. हे लोक सर्कशीत नव्हते, सर्कशीच्या प्रेमात होते. १९२६ साली अमेरिकेत सर्कसप्रेमींचा एक संघ स्थापन झाला आणि त्याचे ‘द व्हाइट टॉप्स’ हे नियतकालिक निघू लागले. त्याचे पहिले संपादक कार्ल के. नेक्ट हे इव्हान्सव्हिल गावातल्या दैनिकात व्यंगचित्रे काढत. नोकरी दैनिकात आणि जीव तंबूत! १९३९ साली सर्कशीच्या इतिहासाला वाहिलेली दुसरी संस्था उभी राहिली. तिचे ‘बँडवॅगन’ हे पत्र कित्येक दशके ज्यांच्या हाताखाली निघाले, ते फ्रेड फेनिंग कोलंबस शहरात बेकरीची यंत्रे बनवण्याच्या घरच्या व्यवसायात होते. पुढे त्यांचे चिरंजीवही याच नादाला लागले.

या पत्रांचा कारभार म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या ध्येयवेड्या मासिकाचीच गोष्ट. लेखकाला मानधन नाही. संपादकाला पगार नाही. वार्षिक वर्गणी भरणारे सभासद हाच काय तो भक्कम आधार. कुणी निवृत्त माणूस तीस-तीस वर्षे एकाच सर्कशीचा माग काढत बसतो आणि तिचा इतिहास क्रमशः लिहून देतो. कुणी स्वतः जमवलेले फोटो छापायला देतो. कागद, छपाई आणि टपाल ही तीन बिले मात्र रोख मागतात. त्यांच्यासाठी ‘बँडवॅगन’ने जो मार्ग धरला, तो मराठी वाचकाला आपल्या घरातलाच वाटेल. नाताळचा अंक! त्या अंकात सभासद आणि सर्कसवाले शुभेच्छांच्या जाहिराती देत आणि त्या पैशांचा हातभार वर्षभराच्या खर्चाला लागे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दिवाळीच्या जाहिरातींवर वर्षाची तूट भरून काढणारी किती मासिके महाराष्ट्राने पाहिली! सण बदलला, गणित तेच.

इंग्लंडमध्येही असेच घडले. १९३४ साली सर्कसच्या मित्रमंडळींनी संस्था काढली. तिचे ‘किंग पोल’ हे नियतकालिक. तंबूचा सगळा भार पेलणारा जो मधला उंच खांब असतो, त्याचे नाव. फ्रान्समध्ये १९४९ साली सर्कसप्रेमींचे मंडळ आणि त्याचे पत्र निघाले. याच्या उलट तऱ्हा सोव्हिएत रशियाची. तिथे सर्कस सरकारी आणि १९५७ साली निघालेले तिचे मासिकही सरकारी. वर्गणीदारांच्या दारात जायची गरज नाही, कागदाची ददात नाही. पण देणारा हात एकच असला की तो आखडला जाईल त्या दिवशी काय, हा प्रश्न उरतोच. १९९१ साली ते सरकारच राहिले नाही.

मोठी वर्तमानपत्रे सर्कशीकडे बघतात ती दोनच प्रसंगी, अपघात झाला की किंवा मरण जवळ आले की. १६ जुलै १९५६ रोजी पिट्सबर्ग येथे रिंगलिंग सर्कशीने तंबूतला शेवटचा खेळ केला, तेव्हा अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी एका युगाचा मृत्युलेख लिहून टाकला. प्रत्यक्षात ती सर्कस बंदिस्त सभागृहांतून पुढे साठ वर्षे चालली. २०१७ साली थांबली आणि २०२३ मध्ये प्राण्यांविना पुन्हा उभी राहिली. लहान सर्कशी तर तंबूतच फिरत राहिल्या. त्यांचे मुक्काम, त्यांच्यातली नवी पोरे, त्यांची तुटपुंजी कमाई यांची नोंद ठेवली ती वर्गणीवर चालणाऱ्या या पत्रांनीच.

अर्थात प्रेमाने काढलेल्या पत्रात एक खोट राहते. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याविषयी कडू लिहायला लेखणी कचरते. प्राण्यांचे हाल, कामगारांचा थकलेला पगार, रिंगणातल्या कोवळ्या मुली हे विषय अशा पत्रांत क्वचितच ठळकपणे येतात. पण मालकांच्या जाहिरातींवर चालणाऱ्या पत्रात ते येण्याची शक्यता त्याहूनही कमी. वर्गणीदार फार तर रागाचे पत्र लिहितो, मालक जाहिरातच काढून घेतो.

दुसरी अडचण अधिक घरगुती आहे आणि खरा घात तीच करते. जर्मनीत गॅबी आणि पॉल कीस्ट या जोडप्याने १९८४ साली ‘कास्काडे’ नावाचे पत्र काढले. चेंडू, कड्या, मुदगलासारखे दांडके हवेत खेळवणाऱ्या युरोपभरच्या कलावंतांसाठी. मजकूर जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. मेळावा कुठे आहे, कोण काय नवे करतो आहे, हे त्या विखुरलेल्या लोकांना या अंकातून कळे. जवळजवळ तीस वर्षे ते चालले आणि २०१३ मध्ये थांबले. अशी पत्रे दोन-चार माणसांच्या खांद्यावर उभी असतात. वर्गणी पुरवता येते, शुभेच्छा पुरवता येतात. पण महिनाअखेरी पत्त्यांच्या चिठ्ठ्या चिकटवत बसणारा माणूस दुसऱ्या कुणाला पुरवता येत नाही. ‘आम्ही तुमच्या पाठीशी आहोत’ म्हणणारे पुष्कळ असतात. पाठीशी उभे राहून गठ्ठे बांधता येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

भारताकडे पाहिले तर हळहळ वाटते. २० मार्च १८८० रोजी विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत आपल्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला. भारतीय सर्कशीचा जन्म मराठी माणसाच्या हातचा. पुढे केरळात तलश्शेरीजवळ कीलेरी कुञ्ञिकण्णन यांनी कसरतीचे शिक्षण देणारी शाळा काढली आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी देशभरचे तंबू भरून गेले. एवढा मोठा पसारा! पण छत्र्यांची सर्कस अमक्या साली कुठे होती, तिच्यात कोण कोण होते हे शोधायचे तर जुन्या दैनिकांच्या जाहिराती आणि कुणाकुणाच्या आठवणी चाळत बसावे लागते. तंबूतली माणसे आपले पत्र म्हणून उघडतील असे काही दर आठवड्याला त्यांच्या हाती पडत नव्हते.

पुण्याच्या दामू धोत्र्यांचेच उदाहरण घ्या. १९०२ साली जन्मलेला हा मुलगा सर्कशीत वाढला. युरोपात नामांकित प्राणिशिक्षक आल्फ्रेड कोर्ट यांच्याकडे पोचला आणि १९४० साली त्यांच्याबरोबर अमेरिकेत रिंगलिंग सर्कशीत दाखल झाला. ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’ या पुस्तकामुळे मराठी घरांतून त्यांचे नाव पोचले. त्यांच्या अमेरिकेतल्या काळाबद्दल धुंडाळायचे म्हटले तर साप्ताहिके आहेत, कार्यक्रमपत्रिका आहेत, सर्कसप्रेमींची पत्रे आहेत. घराजवळच्या, म्हणजे हिंदुस्थानातल्या त्यांच्या उमेदवारीच्या काळाबद्दल मात्र त्यांच्या स्वतःच्या आठवणींवरच बहुतेक सारी भिस्त!

आपल्याकडे अशी पत्रे चालतच नाहीत, असे म्हणायचीही सोय नाही. १९८३ साली मद्रासमध्ये एन. पट्टाभिरामन यांनी संगीत-नृत्याला वाहिलेले ‘श्रुती’ काढले, ते रसिकांच्या बळावर उभे राहिले. पुढे एका उद्योगसमूहाने हात दिला. पण गाण्या-नाचण्याचा रसिक मुलाच्या मुंजीत, मुलीच्या लग्नातही आपल्या आवडीचा उल्लेख अभिमानाने करतो. सर्कशीचा रसिक तिकिट काढतो, टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. सर्कशीच्या बातम्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांत छापून आल्या त्या बहुतेक न्यायालयाच्या निमित्ताने. वाघ, सिंह, अस्वले, माकडे यांचे खेळ करण्यावर १९९८ साली सरकारने बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०११ साली सर्कशीत मुलांना कामाला ठेवण्याविरुद्ध त्याच न्यायालयाने आदेश दिला. हे दोन्ही निर्णय व्हायलाच हवे होते. पण त्यानंतर रिंगणातल्या माणसांचे काय झाले, कोण कुठे गेला, कोणते खेळ कायमचे बंद झाले, हे लिहून ठेवायला कुणाची पाने मोकळी होती?

अमेरिकेतल्या त्या इतिहासप्रेमी संस्थेने ‘बँडवॅगन’मधले कितीतरी जुने लेख आता संगणकावर सर्वांना खुले केले आहेत. जुन्या सर्कशींच्या ‘रूट बुक्स’ तिथल्या ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी मिळून अशाच खुल्या केल्या आहेत. रूट बुक म्हणजे हंगामाची रोजनिशी. कुठल्या तारखेला कुठले गाव, पाऊस होता की ऊन, घोडा कुठे दगावला, स्वयंपाकघरात कोण होते, बँडमध्ये कोण होते, साऱ्यांची नावे त्यात असतात. आणि म्हणून आज कुठल्याशा गावची नात पत्र धाडून विचारते, ‘माझे पणजोबा घरातून पळून सर्कशीत गेले होते, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडे काही आहे का?’ कधी काहीच सापडत नाही. कधी एखादा सभासद जुनी पाने उलटता उलटता तंबू ठोकणाऱ्यांच्या यादीत त्या नावापाशी थांबतो, शेजारचे साल टिपून घेतो आणि उत्तर लिहायला बसतो.