अडलेला बोल्ट आणि अडवलेली दुरुस्ती

वाशीम जिल्ह्यात मोटारगाडी आता केवळ धनिकांच्या दारी राहिलेली नाही. रिसोड, मालेगाव, मानोरा या तालुक्यांतील एखादा शिक्षक किंवा सोयाबीनवर गुजराण करणारा मध्यम शेतकरी जुनी गाडी घेतो, कारण रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा तर दुसरे साधन नसते. कंपनीची अधिकृत कार्यशाळा जिल्ह्याच्या गावी असते, नाहीतर थेट अकोल्याला. म्हणून लहानसहान दुरुस्ती अंगणात होते, फार तर फाट्यावरच्या मिस्त्रीच्या हातून. या दुरुस्तीची वाट अनेकदा एका य:कश्चित वस्तूपाशी अडते. ती वस्तू म्हणजे इंजिनाच्या पाठीमागे, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी गंजून बसलेला एक बोल्ट.

हा बोल्ट का अडतो हे आधी पाहिले पाहिजे. इंजिनाचा वरचा भाग अनेकदा ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादाचा असतो. दोन भिन्न धातूंच्या सांध्यात ओल शिरली की गंज लवकर धरतो, फुगतो आणि आटे जखडून टाकतो. अशा वेळी घाईने पान्याला लांब पाइप लावून जोर करणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महाग उपाय होय. बोल्टचे डोके तुटते आणि दांडा आतच राहतो. मग तो ड्रिलने पोखरून काढावा लागतो आणि त्यात आटे गेले तर इंजिनाचा तो भागच उतरवावा लागतो.

जाणता मिस्त्री असे करीत नाही. तो बोल्टच्या मुळाशी पातळ तेल सोडून रात्रभर मुरू देतो. हातोडीचे हलके ठोके देऊन गंजाची पकड ढिली करतो. बारा कोनांचा रिंग पाना डोक्याचे कोपरे खाऊन टाकतो, म्हणून तो सहा कोनांचा गोटी पाना निवडतो आणि अडचणीच्या जागी पोहोचण्यासाठी त्याला लांब दांडी व फिरता सांधा जोडतो. प्रथम बोल्ट किंचित आवळून पाहतो, मग सोडतो, पुन्हा आवळतो. एवढ्यानेही भागले नाही तर तेल पुसून, इंधनाच्या नळ्या दूर करून भोवतालचा धातू तापवतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते; त्यामुळे छिद्र बोल्टपेक्षा अधिक मोठे होते आणि पकड सुटते. हे पदार्थविज्ञान त्या मिस्त्रीला पुस्तकाने शिकवलेले नसते, हाताने शिकवलेले असते.

आता या कामाचा हिशेब मांडू. सुटा भाग बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे, पण एका बोल्टने तीन तास खाल्ले. ग्राहक म्हणतो, एक बोल्ट काढण्याचे एवढे पैसे? मिस्त्री म्हणतो, दिवस गेला, पदरात काय पडले? दोघेही खरे बोलतात आणि दोघेही एकमेकांवर रागावतात. ज्याने तो बोल्ट तिथे बसवण्याचे ठरवले, तो या भांडणात कुठेच नसतो. जुळणीच्या वेळी इंजिन उघडे असते, तेव्हा तो बोल्ट क्षणात बसतो. तिथे वाचलेल्या वेळेचा नफा कारखान्याच्या जमेस पडतो. पुढे वाया गेलेले तास मात्र मिस्त्रीच्या मजुरीतून आणि शेतकऱ्याच्या खिशातून वळते होतात. अर्थशास्त्र याला बाह्य खर्च म्हणते. साध्या मराठीत, एकाने खावे आणि दुसऱ्याने भरावे.

यावर असे म्हटले जाईल की अडचणीची रचना हा काही कट नव्हे. ते बऱ्याच अंशी खरे आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा आडवे बसवलेले इंजिन आणि पुढच्या चाकांना दिलेली गती यांमुळे छोट्या गाडीत चार माणसांना जागा झाली. अँबेसेडरच्या ऐसपैस इंजिनकक्षाची किंमत जड गाडी आणि जादा पेट्रोल या रूपाने मोजावी लागत होती. प्रदूषणाच्या निर्बंधांनीही इंजिनाभोवती नळ्यांची दाटी वाढवली. तेव्हा दाटी क्षम्य मानता येईल. परंतु दुरुस्तीचे ज्ञान, हत्यारे आणि सुटे भाग कुलूपबंद ठेवणे क्षम्य मानता येत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो नेमका याच कारणासाठी. स्वतंत्र मिस्त्रींना सुटे भाग व दोष शोधण्याची साधने मिळू न देणे ही मक्तेदारी आहे, असा त्या आदेशाचा आशय होता.

यंत्र दुरुस्तीला सोपे असावे ही मागणी या देशात नवी नाही. १९२९ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटींत होते की यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते किमान वीस वर्षे चालावे आणि वर्षाची देखभाल किमतीच्या पाच टक्क्यांपलीकडे जाऊ नये. म्हणजे दुरुस्तीचा खर्च हा यंत्राच्या आराखड्याचाच भाग मानला गेला होता. वाशीम जिल्ह्याला याचा वेगळा पुरावा शोधण्याची गरज नाही. कारंज्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत धावले. ते अमर होते म्हणून नव्हे, तर त्याचा प्रत्येक भाग माणसाच्या हाताला सापडत होता म्हणून.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने विचारात घेतलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि मोटारगाड्याही होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक संकेतस्थळ सुरू झाले. तथापि संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्येच कंपन्यांना दुरुस्तीची माहिती खुली करण्यास कायद्याने भाग पाडले. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीस सुलभतेचे गुण छापावे लागतात. मोटारी आणि ट्रॅक्टर यांवरही असे गुण छापण्याची सक्ती का नसावी? गाडी किती किलोमीटर चालते हे ग्राहकाला सांगितले जाते, तसे नेहमी बदलावा लागणारा भाग काढायला किती वेळ लागतो हेही सांगितले पाहिजे.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. महागडी हत्यारे एकट्या मिस्त्रीला परवडत नाहीत. तालुक्याच्या गावी दहा-वीस मिस्त्रींनी सहकारी तत्त्वावर हत्यारांची पेढी काढली तर परवडतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी सायंकाळी आपली दालने या कारागिरांना खुली करावीत आणि त्यांच्या हातातील विद्या प्रमाणपत्राने मान्य करावी. कार्यकर्त्यांनी मिस्त्री आणि ग्राहक यांना एका बैठकीत बसवावे, कारण मजुरीच्या भांडणात ते दोघे समोरासमोर उभे असले तरी त्यांचे हित एकच आहे. घरी बसून केलेली दुरुस्ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत धरली जात नाही. नवी गाडी घेतली की ती मात्र धरली जाते. ज्या हिशेबात वस्तू जपणाऱ्याचे श्रम शून्य ठरतात, तो हिशेब दुरुस्त करणे हे समाजवाद्यांचे जुनेच काम आहे.