गडावर आठ जण, नाटकाला सगळे

लोहगड आता जागतिक वारसा आहे. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची एकत्र नोंद केली, त्यात रायगड, राजगड, शिवनेरीबरोबर आपला लोहगडही आला. आपला म्हणायचं, कारण पिंपरी-चिंचवडच्या माणसाचा पहिला गड बहुधा हाच असतो. चिंचवडला लोकल धरायची, मळवलीला उतरायचं, भाजे गावातून गायमुख खिंडीपर्यंत चढायचं. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड.

याच गडाच्या पायऱ्यांवर जुलै २०२३मधल्या एका रविवारी अशी गर्दी दाटली, की लोकांना वर सरकता येईना आणि खालीही उतरता येईना. १५ जून २०२५ला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसह इंद्रायणीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. अशा बातम्या वाचताना गर्दी दुसऱ्या कोणाची तरी असते, असं आपण धरून चालतो. ती रहाटणीची, वाकडची, थेरगावची, भोसरीची असते. त्यात आमच्यासारखी मंडळंही असतात.

आमचं मंडळ म्हणजे रहाटणी फाट्यापासून नखाते वस्तीपर्यंतच्या सोसायट्यांतली माणसं. कोणी जळगावचे, कोणी लातूरचे, काही मूळचे रहाटणीकर. भोसरीच्या टूलरूममध्ये काम करणारे आहेत, चाकणला असेंब्ली लाइनवर उभे राहणारे आहेत, शिक्षिका आहेत, निवृत्त आहेत. करोनाच्या आधी आमचा नेम ठरलेला होता: पावसाळ्यात बस करून डोंगर, एरवी चिंचवडच्या रामकृष्ण मोरे नाट्यगृहात एकगठ्ठा तिकिटं काढून नाटक.

मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात शहरात पहिले रुग्ण सापडले, २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५पासून सगळं बंद. नाट्यगृहांना कुलपं लागली. शंभरावं नाट्य संमेलन त्याच वर्षी व्हायचं होतं, तेही लांबणीवर पडलं. जून संपता संपता पालख्या निघाल्या त्या एसटीनं. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम दरवर्षी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. त्या वर्षी पादुका देहूहून बसमध्ये बसून पंढरीला गेल्या, आणि आकुर्डीचा रस्ता ज्येष्ठातल्या मुक्कामाच्या दिवशी रिकामा राहिला. इथल्या माणसाला टाळेबंदी खऱ्या अर्थानं कळली ती त्या दिवशी, असं मला वाटतं.

मोबाइलवर एकत्र येण्याची खटपट आम्हीही केली. पहिल्यांदा भजन ठरवलं आणि ते जमलं नाही. एकाचा टाळ दुसऱ्याच्या कानापर्यंत पोहोचेस्तोवर मात्रा निघून गेलेली असते. जितकी माणसं जास्त तितका गोंधळ वाढतो. म्हणून गाणं सोडून अभिवाचनाकडे वळलो. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून ऐकायचं. आठवड्यातून एक रात्र, जेवणं झाल्यावर. रंगमंचावर कधीही न गेलेल्या बायका यात पुढे आल्या. गणपतीत सरकारचा नियम होता, सार्वजनिक मूर्ती चार फूट आणि घरची दोन फूट. सोसायटीचा गणपती हौदात विसर्जित झाला. दिवाळीत मुलांनी पार्किंगमध्ये किल्ले केले. ज्यांना लोहगड दाखवायला नेता येत नव्हतं, त्यांनी आईवडिलांचे जुने फोटो बघून चिखलात गडाची विंचूकाटा माची ओढली. बुरूज थोडे चुकले असतील, पण गायमुख खिंड बरोबर होती.

डोंगर मात्र लांबच होता. गडकिल्ले बंद, रस्त्यावर नाकाबंदी, आणि पायथ्याच्या गावांनी वेशीवर काट्या टाकलेल्या. त्या काट्यांचा अनेक शहरी भटक्यांना राग आला. मला गावांचं पटलं. लोहगडवाडीतल्या माणसाला श्वास लागला तर त्याला खाली उतरवून लोणावळा किंवा तळेगाव गाठायचं असतं. शहरातल्या चार हौशी माणसांसाठी त्यानं ती जोखीम का घ्यावी? पूर्वी प्लेग आला की गावंच्या गावं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहायची. मोकळ्या हवेचं मोल आपल्या लोकांना ठाऊक होतं. पण तो माळ त्यांचा स्वतःचा होता, हे आम्ही विसरता कामा नये.

निर्बंध सैल होत गेले तसे आम्ही घराजवळून सुरुवात केली. निगडीची दुर्गा टेकडी, मग शेलारवाडीच्या लेण्यांचा घोरावडेश्वर, मग भामचंद्र, जिथून चाकण एमआयडीसीच्या शेडची छपरं दूरवर चमकतात. एका वेळी आठच माणसं. डबा ज्याचा त्याचा, पाणी ज्याचं त्याचं, पुढे एक वाट माहीत असलेला, सगळ्यात मागे एक सांभाळणारा. चढताना मास्क लावून दम कोंडतो, म्हणून मास्क खिशात आणि दोघांत चांगलं अंतर. कोण कधी येणार हे कारखान्याच्या पाळीवर ठरायचं. आपल्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते. त्यांची तुकडी गुरुवारची. शिक्षक आणि बँकवाले रविवारचे.

दुसरी लाट आली तेव्हा हे सगळं पुन्हा थांबलं. नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवरच्या जंबो रुग्णालयात आमच्यातले काही जण राहून आले. एक काका परत आले नाहीत. त्यांना शेवटचं बघायलाही कोणाला जाता आलं नाही.

त्या एप्रिलमध्ये ‘सहा मिनिटं चाला’ ही चाचणी घरोघरी माहीत झाली. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकडा बघायचा, सहा मिनिटं सपाटीवर चालायचं, पुन्हा बघायचा. तीन अंकांपेक्षा जास्त घसरला तर डॉक्टरांना फोन. जून २०२१मध्ये सकाळी पाच ते नऊ फिरायला मुभा मिळाली, तेव्हा बरी होऊन आलेली माणसं याच चाचणीच्या भरवशावर बाहेर पडली. डॉक्टरांची परवानगी घेऊन आधी सपाटी, मग दुर्गा टेकडी, मग घोरावडेश्वराच्या निम्म्या पायऱ्या. तुकडीत आठच जण असल्यामुळे सगळ्यात हळू चालणारा जो असेल त्याच्या चालीनं सगळे चालायचे. तो थांबला की सगळे थांबायचे. दोन बस भरून नव्वद माणसं जातात, तेव्हा असा माणूस ‘तुम्ही जाऊन या’ म्हणतो आणि खाली बसमध्ये बसून राहतो. आमच्या जुन्या सहलींत असे किती जण खाली बसून राहिले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

गेलेल्या काकांचा भंडारा डोंगरावर फार जीव होता. परिस्थिती निवळल्यावर आम्ही तिथे गेलो, काकूही आल्या. मंदिरापाशी थोडं अंतर ठेवून बसलो आणि कोणी न सांगता भजन सुरू झालं. मोबाइलवर कधीच न जमलेला ठेका तिथे दुसऱ्याच आवर्तनात जमला. काकूंनी टाळ घरून आणले होते. ते काकांचेच होते, आणि त्यांनी ते स्वतः वाजवले. त्या बैठकीला एक सबंध तुकडी आणि वर दोन माणसं होती. आणखी पन्नास असती तर काकूंनी टाळ हातात घेतले असते, असं मला वाटत नाही.

गड उघडल्यावर लहान तुकड्यांचा एक फायदा आणखी दिसला, तो पायथ्याशी. आठ माणसांचं पिठलं-भाकरी, ठेचा कोणतीही गृहिणी आदल्या दिवशीच्या फोनवर करून देते. या गुरुवारी एका घरी, पुढच्या रविवारी दुसऱ्या घरी, तिकोना पेठेत गेलो तर तिथे तिसऱ्या घरी. दोन बस भरून नव्वद माणसं आली की रस्त्यालगतचं एकच मोठं हॉटेल सगळा पैसा घेतं, आणि इतर घरांच्या वाट्याला रिकाम्या बाटल्या येतात. दोन वर्षं चूल थंड राहिलेल्या वाड्यांना आठवड्यातून दोनदा येणारी आठ माणसं जास्त कामाची आहेत.

निर्बंध उठले आणि आम्ही, इतर सगळ्यांसारखेच, पुन्हा बसकडे वळलो. यंदाच्या बैठकीत दोन बसचा हिशेब मांडला गेला तेव्हा मी विरोध केला. समोरून मुद्दे आले: माणशी खर्च कमी पडतो, आणि सगळे एकत्र असण्याची मजा वेगळी. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. ६ आणि ७ जानेवारी २०२४ला ते लांबलेलं शंभरावं नाट्य संमेलन आपल्याच शहरात झालं, जब्बार पटेल अध्यक्ष होते, आणि आम्ही झाडून सगळे गेलो होतो. नाटकाला भरलेलं घर लागतं. रिकाम्या खुर्च्यांपुढे नटाचा आवाज उतरतो. भजनाला, कोजागिरीला, दिवाळी पहाटेला जितकी माणसं येतील तितकी हवीत. गडाच्या दरवाज्याला, ओल्या पायरीला आणि लोहगडवाडीच्या एका आडाला ती नकोत. एकाच मंडळाच्या या दोन हौशी आहेत आणि दोन्हींना एकाच बसमध्ये कोंबायचं कारण नाही.

खर्चाचं उत्तरही आहे. पुणे-लोणावळा लोकलला आठ जणांचं तिकीट बसच्या भाड्यापुढे काहीच नाही, आणि मळवलीपासून पायीच जायचं आहे. गुरुवारच्या तुकडीत तिसरी पाळी करून येणारे दोघे आहेत, त्यांना सकाळची झोप घेऊ द्यायची म्हणून ती तुकडी दुपारी निघेल आणि विसापूर सोडून फक्त भाज्याची लेणी करेल. रविवारची तुकडी लोहगडाला जाणार नाही. रविवारी बाकीचं शहर तिथे असतं.