को जागर्ति?

कोजागिरीच्या रात्री लक्ष्मी "को जागर्ति?" म्हणजे "कोण जागं आहे?" असं विचारत फिरते म्हणतात. आमच्या घरी तिने वर्षातल्या कुठल्याही रात्री यावं. पहाटे साडेतीनला कोणी ना कोणी जागं सापडायचंच, अगदी गॅरंटी! लक्ष्मी काही कधी आली नाही. आला तो फक्त खोकला.

तर मंडळी, आजचा विषय दमा. पण सिनेमातला दमा नव्हे, ज्यात माणूस छाती धरून कोसळतो आणि मागे व्हायोलिन वाजतं. मला बोलायचंय ते दम्याने खाल्लेल्या झोपेबद्दल. आणि त्या झोपेचं बिल दुसऱ्या दिवशी ज्याच्या नावावर फाटतं, त्या माणसाबद्दल.

आमच्या धंद्यात एक चांगली रीत आहे. ऑनकॉलवर असलेल्या माणसाला रात्री तीनला फोन येतो, सर्व्हर पडलेला असतो, तो बिचारा दीड तास खटपट करून तो उभा करतो. दुसऱ्या दिवशी साहेब अकराला उगवले तरी कोणी काही म्हणत नाही. उलट "काय राव, रात्रभर जागलास" म्हणून कोणीतरी चहा पाजतं. मग मीटिंग बसते. मुळात काय बिघडलं? पुन्हा असा फोन येऊ नये म्हणून काय करायचं? एकच बिघाड रोज रात्री माणसाला उठवत असेल तर बिघाड दुरुस्त करायचा असतो. माणसाला "सवय करून घे" म्हणायचं नसतं. इतकी साधी अक्कल आम्हाला यंत्रांच्या बाबतीत आहे.

आता सर्व्हरच्या जागी फुप्फुसं घाला. तेच साडेतीन. छातीत शिटी वाजतेय. पलंगाच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसायचं, बायकोची झोपमोड नको म्हणून खोकला उशीत दाबायचा. (तिला कळतंच. पण ती झोपल्याचं सोंग घेते, कारण तिने काही विचारलं तर मला बोलावं लागेल, आणि बोलण्याइतका श्वास नसतो.) मग निळा पंप, दोन पफ. पंधरा-वीस मिनिटांत छाती मोकळी होते, पण आता हृदय धडधडतंय, बोटं किंचित थरथरताहेत. खाली वॉचमनची काठी, मग पेपरवाल्याची सायकल, मग दुधाच्या क्रेटचा आवाज... झोप गेली ती गेलीच.

साडेनऊला स्टँड-अप. "काय रे, रात्री मॅच बघत होतास काय?" मॅनेजर विचारतो, सगळे हसतात, मीही हसतो. ते हसणं हाच माझा गुन्हा. कारण तेव्हापासून माझ्या जांभया या माझ्या स्वभावात जमा झाल्या. "हुशार आहे, पण जरा थंड आहे." हे वाक्य मी एका वार्षिक मूल्यमापनात स्वतःबद्दल वाचलेलं आहे. सर्व्हरसाठी जागलो तर हीरो, श्वासासाठी जागलो तर आळशी!

पण ऑफिसला कशाला नावं ठेवू? घरात आम्ही याहून वाईट वागलो.

माझी आई पहाटे चारला उठायची. आमच्या सांगलीच्या घरात हा कौतुकाचा विषय होता. पाहुणे म्हणायचे, वहिनी म्हणजे अगदी ब्राह्ममुहूर्तावर उठणाऱ्या! पावसाळ्यात तर ती तीनलाच आरामखुर्चीत येऊन बसायची. आणि दुपारी अर्धी मेथी निवडून झाली की तिथेच तिला डुलकी लागायची, हातात काडी तशीच. त्यावर आमची आत्या म्हणायची, "दुपारी झोपणाऱ्या घरात लक्ष्मी टिकत नाही गं." आई ओशाळून पुन्हा मेथी निवडायला लागायची. पहाटे उठणारी आणि दुपारी पेंगणारी बाई एकच आहे, आणि दोन्हीचं कारणही एकच आहे, हे गणित आमच्या घरातल्या एकाही शिकलेल्या माणसाला सुटलं नाही. त्यात मीही आलो, इंजिनिअर वगैरे.

रात्रीच का होतं हे? यात गूढ काही नाही. प्रत्येकाची श्वासाची ताकद चोवीस तासांत वरखाली होते आणि पहाटे चारच्या आसपास तळाला जाते. निरोगी माणसाला ते जाणवतही नाही. दमेकऱ्याच्या नळ्या आधीच सुजलेल्या, त्यामुळे त्याची घसरण मोठी. सूज आवरणारं कॉर्टिसॉल रात्री उतरलेलं, नळ्या सैल ठेवायला मदत करणारं ॲड्रिनॅलिनही उतरलेलं. त्यात आडवं झाल्यावर चोंदणारं नाक, घशाशी येणारं आम्ल, आणि गादी-उशीत सुखाने नांदणारे धुळीतले सूक्ष्म कीटक.

"मग गादी बदल" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. बदला, उशांना अभ्रेही घाला, चांगलंच आहे. पण 2021 साली बोस्टनच्या संशोधकांनी 17 दमेकऱ्यांना प्रयोगशाळेत ठेवून एक प्रयोग प्रसिद्ध केला. मंद उजेड, सारखंच वातावरण, ठरावीक अंतराने सारखंच खाणं आणि सलग 38 तास जागरण. म्हणजे ना झोप, ना गादी, ना अंधार. तरीही शरीराच्या घड्याळात रात्र झाली की फुप्फुसं ढेपाळलीच! थोडक्यात, हा क्रॉन जॉब आतच बसवलेला आहे. तुमच्या इच्छाशक्तीचा, लवकर जेवण्याचा किंवा "मन शांत ठेव रे" या सल्ल्याचा त्याच्याशी संबंध बेताचाच.

आणि जाग आलेली लक्षात राहायलाच हवी असंही नाही. श्वास अडखळला की मेंदू क्षणभर वर येतो, पुन्हा बुडी मारतो, पुन्हा वर येतो. घड्याळ सांगतं आठ तास झोपलास, अंग सांगतं चार. सकाळी डोकं जड, दुपारी मीटिंगमध्ये शब्द सापडत नाहीत, संध्याकाळी पोरावर उगाच ओरडणं. यातलं काहीच "दमा" या खात्यात लिहिलं जात नाही. खात्यात फक्त झटके लिहितात, आणि झटका आला नाही म्हणून आपण म्हणतो, माझा दमा बरा आहे.

इथे माझं खरं भांडण आहे. रात्री उठावं लागणं हा दम्याचा "भाग" नाही. उपचार अपुरे पडताहेत किंवा नीट घेतले जात नाहीत, याची ती खूण आहे. हे माझं मत नाही हो. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणारी 'गिना' नावाची जागतिक संस्था चार आठवड्यांचा हिशेब चार प्रश्नांत मागते: दिवसा आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त त्रास? तात्पुरता पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त? कामात, चालण्यात अडथळा? आणि दम्यामुळे रात्री जाग, एकदा तरी? नीट वाचा. दिवसाला दोनदाची सूट आहे. रात्रीला सूट नाही. आम्ही मात्र वर्षानुवर्षं रोज उठतो आणि "चालायचंच" म्हणतो!

चालवून घेण्याचं मुख्य कारण म्हणजे पंपाची भीती. "पंप म्हणजे शेवटचा उपाय", "पंपाची सवय लागते", "त्यापेक्षा साधी गोळी बरी". साधी? गणित करू. सालब्युटामॉलच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची एक गोळी 4 मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस पट. पंपातलं औषध जिथे हवं तिथे जातं, गोळी अख्ख्या अंगाला फिरून येते. आणि आपण घाबरतो कुणाला, तर पंपाला!

दुसरा घोळ याच्या उलटा. निळा पंप औषधांच्या दुकानातून आणायचा आणि तेवढ्यावरच वर्षं काढायची. मी हेच केलं. निळा पंप म्हणजे सर्व्हर रिस्टार्ट. चार-सहा तास चालतं, मूळ सूज तिथेच. सूज कमी करायला श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड लागतं. मोठ्या माणसांवर निव्वळ निळ्या पंपाने उपचार करू नयेत, हे 'गिना'ने 2019 सालीच सांगितलं. कोणी म्हणेल, रोज घ्यायचं म्हणजे सवयच की. दात घासायचीही सवयच लागते. (हा पंप घेतल्यावर चूळही भरायची असते, त्यामुळे उपमा अगदी फिट्ट बसते :) )

आणि आपले पारंपरिक उपाय! हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर जिवंत मासा गिळायला रांगा लागतात. आपल्याकडे कोजागिरीला ठिकठिकाणी दुधातून, खिरीतून दम्याचं औषध देतात आणि रात्रभर जागायला सांगतात. ज्या माणसाचं सगळं दुखणंच जागरणाचं, त्याला उपाय म्हणून जागरण! श्रद्धेची टिंगल नाही करत, आईनेही ते दूध घेतलंय. पण ते दूध घेतलं म्हणून खरा उपचार एक वर्ष पुढे गेला, हेही मी पाहिलंय.

एक मान्य करतो. प्रत्येक जांभई दम्याची नसते. घोरण्यात श्वास थांबणं, रक्त कमी असणं, नुसती चिंता, कारणं पुष्कळ असतात. म्हणून तपासा. पण तपासायला गेल्यावर "दम लागतो का?" या प्रश्नावर थांबू नका. तो प्रश्नच चुकीचा आहे, कारण आपण जिने चढणंच सोडून दिलेलं असतं. रात्री काय होतं ते सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. मॅनेजर लोकहो, तुम्हीही माणसाला थंड ठरवण्याआधी एकदा विचारा, आणि मॅचचा विनोद तेवढा टाळा.

2018 साली आईला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ती 61 वर्षांची होती. दम लागतो का? "छे." मग त्यांनी विचारलं, "काकू, रात्री झोप कशी लागते?"

"मी चारला उठतेच. सवयच आहे मला."

"सवय आहे, की आडवं राहवत नाही?"

आई काही बोलली नाही. माझ्याकडे पाहिलं फक्त. मग फुंकर मारायची तपासणी, औषध देऊन पुन्हा फुंकर, आणि रोज दोन वेळचा पंप. (माझी स्वतःची तपासणी मी त्यानंतर दोन महिन्यांनी केली. शहाणपण आमच्या घरात उशिराच येतं.)

साधारण तीन आठवड्यांनी सकाळी तिचा फोन आला. आवाज चोरट्यासारखा.

"अरे, आज साडेसहा वाजले उठायला. दूधवाला दोनदा बेल वाजवून गेला म्हणे. मला ऐकूच नाही आली."

वाजवू दे म्हटलं, आई. लक्ष्मी आली असती तरी तुला उठवायला नको होतं.